ब्रोदच्या शाळेत काय काय शिकायला मिळतं

आमच्या ब्रोदच्या हायस्कुलाची माहितीपुस्तिका दर वसंतात मीच लिहीत असे. शिकवणं थांबवल्यावरही ते काम माझ्याकडेच राहिलं, कारण दुसऱ्या कुणाला ते नको होतं. कोणते विषय, कोणत्या वर्षी, कोण शिकवणार, शाळा सुटल्यावर काय काय चालतं, एवढंच तिच्यात असायचं. नववीत येणाऱ्या मुलांच्या घरी ती जायची, फ्रिजवर लोहचुंबकाखाली वर्षभर लटकायची आणि हळूहळू तिच्यावर दुधाचे डाग पडायचे.

मी स्वतः त्या शाळेत शिकत होते तेव्हाची पुस्तिका जाड होती. लॅटिन होतं, जर्मन होतं. भौतिकशास्त्र दर वर्षी होतं. टंकलेखन, शिवण, वादविवाद, एकांकिका, शेतीचा वर्ग, आणि बँडमध्ये इतकी मुलं की शेवटची रांग दाराबाहेर उभी राहायची. लॅटिनला मिस टली होत्या. हिवाळ्यात वाफेच्या नळ्या ठणठणायला लागल्या की हातातल्या काठीने नळीवर एक टोला हाणून त्या म्हणायच्या, "थांब जरा, तुझी पाळी नंतर." माझ्या मागच्या बाकावर लुमिर वोंद्राचेक बसायचा आणि माझी भाषांतरं उतरवून घ्यायचा, चुकांसकट. आमच्या शेवटच्या वर्षी शरदात ब्रोदचा फुटबॉलचा संघ एकही सामना हरला नाही. लुमिर त्या संघात होता. पुन्हा तसा शरद आला नाही आणि लुमिर त्या शरदातून बाहेरही आला नाही.

मी कॉलेज करून परत आले आणि त्याच इमारतीत रसायन शिकवू लागले. बाहेर काय चाललंय ते मला पुस्तिकेतून कळायचं. एकेक शेत शेजारच्या शेतात मिसळत गेलं, घरं रिकामी झाली, आणि पुस्तिकेचं एकेक पान गळालं. आधी लॅटिन गेलं. मग जर्मन. भौतिकशास्त्र एक वर्षाआड आलं. स्पॅनिश पडद्यावर आलं. कुठल्या तरी दूरच्या गावातल्या बाई पडद्यातून विचारायच्या आणि आमची मुलं माना हलवायची. अकरा जणांचा फुटबॉल आठांवर आला, आठांचा सहांवर.

तरीही ती शाळा मला आवडायची. मुलंच कमी म्हटल्यावर प्रत्येकाला सगळं करावं लागे. मध्यंतर झालं की फुटबॉलचे खेळाडू खांद्यांवरच्या त्या गाद्यांसकट मैदानातच ट्रॉम्बोन हातात घेऊन बँडमध्ये उभे राहायचे. गवताने माखलेले, घामाने निथळत, आणि सूर बऱ्यापैकी लागलेले. मोठ्या गावातल्या शाळेत ज्या मुलाला कुणी विचारलं नसतं, तो आमच्याकडे एकांकिकेत राजा व्हायचा, कारण दुसरा उंच मुलगाच नव्हता.

ब्रेना ही लुमिरची नात. त्याला ती डेडा म्हणायची, चेक भाषेत आजोबा. तिचा बाप ट्रक घेऊन गेला तो दुसऱ्या राज्यात दुसऱ्या बाईकडे थांबला. आई कोलीन. तिला नसांचा आजार होता. आधी पाय गेले, मग हात. मायलेकी शाळेच्या समोरच्या घरात राहायच्या. मध्ये फक्त रस्ता आणि एक पॉपलरचं झाड. लुमिर गावाबाहेर आपल्या शेतावर.

दुपारची घंटा झाली की ब्रेना रस्ता ओलांडून घरी जायची. आईला उठवून बसवायची, भरवायची, बाथरूमला न्यायची, पुन्हा झोपवायची आणि पुढच्या घंटेला वर्गात. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या इर्मा तिच्या ताटात न बोलता दोघींचं वाढायच्या. ज्या दिवशी चिली, म्हणजे राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचा गोड रोल असे, त्या दिवशी रोल तीन. ब्रेनाला अभ्यासात फार गती नव्हती. तिचा जीव शेतीच्या वर्गातल्या वेल्डिंगमध्ये होता. नववीत तिने आईच्या बाथरूमसाठी लोखंडी कठडा केला. जोड जाडजूड आणि ओबडधोबड, पण तो कठडा हलत नव्हता. तिला बारावी करून वेल्डिंगचं पुढचं शिक्षण घ्यायचं होतं. त्याला हायस्कूल पूर्ण केल्याचा दाखला लागतो.

तिच्या नववीच्या त्याच हिवाळ्यात ठरलं की ब्रोद आणि वेस्ट फोर्क यांनी एक व्हायचं. वेस्ट फोर्क आमच्यापासून तासाभराच्या बसवर. तिथल्या लोकांशी आम्ही लग्नं केली, त्यांच्याकडून बैल घेतले, पण शुक्रवारच्या सामन्यात त्यांचं तोंड बघितलं नाही. आमच्या संघाचं नाव गवे, त्यांच्या संघाचं ससाणे. आमचा रंग लाल, त्यांचा हिरवा. दोन्ही गावांची मिळून एक समिती झाली. आमच्या बाजूचा प्रमुख लुमिर.

शाळेचे अधीक्षक ओल्मस्टेड माझ्याकडे आले. तरुण होते, दूरचे होते, टाय बांधायचे. म्हणाले, "बाई, सुनावणीला लोकांपुढे शाळेचं एक चित्र ठेवायचंय. आपले विषय, आपले उपक्रम. तुमच्यासारखं कोण लिहिणार?"

मी लिहिलं. जे होतं ते लिहिलं, फुगवलं नाही. शेवटी एक ओळ घातली: दुपारच्या सुट्टीत मुलांना घरी जाता येतं.

ओल्मस्टेडांनी ती ओळ वाचली आणि पेन्सिलीने खोडली. "हा काय अभ्यासक्रम आहे का, बाई?"

"एका मुलीची अख्खी शाळा त्याच ओळीवर उभी आहे."

"एका मुलीची." ते माझ्याकडे बघून कीव आल्यासारखं हसले. "मला शंभरांचा विचार करायचाय."

शंभर मुलं आमच्याकडे नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी ब्रेना माझ्या ओसरीवर आली. हातमोजे काढले नाहीत, बसली नाही.

"बाई, तुम्ही सभेत आईचं नाव घेणार का?"

"घ्यायलाच हवं गं. वरचे वर्ग वेस्ट फोर्कला गेले तर तू दुपारी काय करणार?"

"नाव नका घेऊ. तिला चमचा धरता येत नाही हे गावाला कळलं तर ती लाजेनं मरेल. चर्चमधल्या बायकांना ती अजून सांगते की सुपाची चव गेलीय म्हणून खात नाही."

"मग मी काय सांगू?"

"सांगा की शाळा इथंच राहू दे." ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत की सगळे ऐकतात. डेडा तर म्हणतात, तुमच्यामुळेच ते पास झाले."

"तुझे डेडा माझ्यामुळे नापासही झालेत एकदा."

ती हसली. तिचं हसू आईसारखं होतं, एका बाजूने सुरू होणारं.

सभेच्या आधी मी गाडी काढून लुमिरच्या शेतावर गेले. तो गोठ्यापाशी पाण्याच्या टाकीवरचा बर्फ कुऱ्हाडीने फोडत होता.

"लॅटिनची राणी! आज इकडं कुठं?"

"लुमिर, ऐक. समितीत तुम्ही काय मागणार आहात?"

त्याने कुऱ्हाड टेकवली. "नाव आपलं, मैदान आपलं. गवे हे नाव राहिलं पाहिजे आणि घरचे सामने ब्रोदलाच झाले पाहिजेत. ते सोडणार नाही मी. जीव गेला तरी."

"आणि वर्ग?"

"वर्ग काय, कुठंही भरतात. फळा इथं काय, तिथं काय. काहीतरी दिल्याशिवाय ते मैदान सोडतील का? आठवीपर्यंतचे वर्ग इथं, वरचे तिकडं. देवाणघेवाण असते ती, व्लास्ता."

"वरच्या वर्गात तुझी नात आहे."

"बसनं जाईल की. नवीन बस येणार आहेत. तिकडं वेल्डिंगच्या नुसत्या खोल्याच चार आहेत, मी बघून आलोय. पोरगी खूश होईल."

"आणि कोलीनचं दुपारचं?"

त्याने टाकीतला बर्फाचा एक तुकडा उचलून बाहेर फेकला. त्याला माहीत होतं. मला वाटलं होतं नसेल, पण त्याला सगळं माहीत होतं.

"दुपारचं मी बघेन," तो म्हणाला. "माझा ट्रक आहे. दोन हात आहेत. सून आहे माझी ती, परकी नाही."

"तू त्या वयाचा राहिलास का, लुमिर? तिला उचलावं लागतं."

"वासरं उचलतो मी. आणि एक सांग. ते मैदान गेलं तर गावात शुक्रवारी उरतं काय? कुणी कुणाला भेटणार कुठं? धान्याच्या कोठारापाशी? तुझ्या रसायनाच्या वर्गाला कधी गाव जमलं होतं का?"

गाव खरोखरच कधी जमलं नव्हतं.

सभा शाळेच्या व्यायामशाळेत झाली. लाकडी पायऱ्या भरून लोक बसले होते, टोप्या गुडघ्यांवर. वेस्ट फोर्कहूनही आले होते, समोरच्या पायऱ्यांवर, पाहुण्यांच्या बाजूला. सामन्यालाही तिथंच बसतात. मी ध्वनिक्षेपकापुढे उभी राहिले आणि वाचलं: गणित चारही वर्षं. रसायन, आणि एका वर्षाआड भौतिकशास्त्र. एकांकिका, भाषणं, बँड, गायन. शेतीचा वर्ग, त्यात लोखंडकाम. मी सावकाश वाचत होते. दुसऱ्याच पानावर लोक घड्याळं बघू लागले. कुणीतरी पायऱ्यांवर पॉपकॉर्नची पिशवी उघडली.

वाचून झाल्यावर मी कागदाची घडी केली आणि म्हणाले, "आणखी एक. या गावात अशी मुलं आहेत ज्यांना दुपारी घरी जावं लागतं. घरात कुणी आजारी असतं. ती मुलं तासभर लांबच्या शाळेत जाऊ शकत नाहीत. त्यांची शाळा सुटेल. वरचे वर्ग इथं ठेवा. मैदान त्यांना द्या."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, मैदान द्या म्हणजे?"

"मैदान द्या म्हणजे मैदान द्या."

"आणि नाव?" दुसरा.

"नावही."

पायऱ्यांवर असा आवाज उठला, जणू मी चर्च विकायला काढलं होतं. ब्रेना दारापाशी भिंतीला टेकून उभी होती. तिने मान खाली घातली.

मग खरी चर्चा सुरू झाली. गवे की ससाणे? वेस्ट फोर्कचा पशुवैद्य म्हणाला, दोन्ही नावं एकत्र करू. आमच्यातला एकजण उठला, "म्हणजे काय, उडता रेडा?" लोक पोट धरून हसले, त्यांच्याकडचेही. लाल की हिरवा? कुणी म्हणालं दोन्ही. कुणाची तरी बायको म्हणाली, "नाताळ आहे का बारा महिने?" वर्गांचा ठराव मध्येच कधीतरी आला आणि हात वर होऊन गेला. त्यावर कुणी बोललंच नाही. नंतर मी समितीचा मसुदा पाहिला. संघाचं नाव, रंग, मैदान, सामन्यांची गावं, बँडचं गाणं यांची तीन पानं होती. नववी ते बारावीचे वर्ग वेस्ट फोर्क येथे भरतील, ही एक ओळ.

नाव आमचं राहिलं, मैदान आमचं राहिलं, रंग त्यांचा. ठराव झाला तेव्हा लुमिरचे डोळे भरून आले होते. मोठे मोठे गडी त्याला मिठ्या मारत होते. पायऱ्यांवर लोक बँडशिवायच आमचं गाणं म्हणू लागले. मीही म्हणाले. जुनं गाणं होतं, तोंडातून आपोआप आलं.

येत्या शरदात वरचे वर्ग वेस्ट फोर्कला गेले आणि लुमिरने शब्द पाळला. रोज दुपारी त्याचा ट्रक कोलीनच्या दारात उभा दिसे. कणसं काढणीला आली होती. यंत्र शेतात उभं ठेवून तो यायचा. शाळेची इमारत आता अर्धी रिकामी होती, पण लहान मुलांसाठी घंटा अजून वाजायची, आणि घंटेलाच तो आत जायचा. मी एकदा सूप घेऊन गेले तर तो तिला भरवत होता. चमचा पुढे करताना स्वतःचं तोंड उघडत होता, लहान बाळाला भरवतात तसं.

"काय बघतेस, राणी?"

"काही नाही. छान भरवतोस."

"ही फार छळते मला. म्हणते, मीठ कमी."

कोलीन एका बाजूने हसली. "मिठाचं सांगतच नाही मी यांना. हात धुवा म्हणते."

ब्रेना काळोखात बसने निघायची आणि काळोख पडता पडता परत यायची. वेस्ट फोर्कला सगळं होतं. जर्मन होतं, दोन बँड होते, रसायनाच्या खोलीत प्रत्येकाला वेगळा बर्नर होता. वेल्डिंगच्या चार खोल्या होत्या, लुमिर खोटं बोलला नव्हता. ती मला तिथल्या ज्योतीबद्दल सांगायची, कशी निळी असते, किती पातळ करता येते. त्या शरदाएवढी बोलताना मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

जानेवारीत बर्फाचा पातळ थर होता तेव्हा, बाहेर नव्हे, घरातच, लुमिर पडला. कोलीनला खुर्चीवरून पलंगावर नेत होता. बुटांना लागलेलं पाणी जमिनीवर आलं होतं. त्याचं खुब्याचं हाड मोडलं. पडताना त्याने तिला अंगावर घेतलं म्हणून तिला फारसं लागलं नाही. संध्याकाळी बसमधून उतरून ब्रेना घरात गेली तेव्हा दोघं जमिनीवर होते. तो तिला मिस टलीच्या गोष्टी सांगत होता, ती झोपू नये म्हणून.

मी त्या आठवड्यात दुपारी जाऊ लागले. पण मला तिला उचलता येत नव्हतं. इर्मांना स्वतःच्या नवऱ्याचं करायचं होतं. चर्चच्या बायकांनी आळीपाळीने येऊ म्हटलं, तर कोलीनने दार उघडू दिलं नाही. मी खिडकीतून विनवलं. आतून आवाज आला, "बाई, तुम्ही या. त्या नकोत. मला असं त्यांनी बघायला नको." मी ब्रेनाला म्हटलं, आईचं ऐकू नकोस. ती म्हणाली, "मग कुणाचं ऐकू?"

मी ओल्मस्टेडांकडे गेले. त्यांनी पडद्यावरून शिकायची सोय दाखवली. घरबसल्या, कधीही.

"वेल्डिंगही?"

"सिद्धांत शिकता येईल."

ब्रेनाने महिनाभर पडद्यापुढे बसून पाहिलं. आई हाक मारायची, ती उठायची, पडदा काळा व्हायचा. मार्चमध्ये तिने संगणक पेटीत घालून परत पाठवला. मी आले तेव्हा ती पेटीला चिकटपट्टी लावत होती.

"पुढच्या वर्षी पुन्हा जाशील," मी म्हटलं.

"हो, बाई."

आम्हा दोघींनाही माहीत होतं.

घरचे सामने आमच्या मैदानावर दोन शरद झाले. मग एकत्र शाळेच्या नव्या मंडळाने दिव्यांचे खांब जुने झाल्याचं सांगितलं आणि सामने वेस्ट फोर्कला नेले. करारात 'शक्य तोवर' असे शब्द होते. नंतर मुलांनीच मत देऊन नवं नाव घेतलं. त्यांना गव्यांशी काही देणंघेणं नव्हतं. लहान वर्गही गेले, घंटा थांबली. आता मैदानावर चारा वाढवतात. उन्हाळ्याच्या शेवटी दोन्ही गोलखांबांच्या मध्ये गवताच्या गोल गाठी पडलेल्या असतात.

माजी विद्यार्थ्यांचं जेवण मात्र अजून होतं. मे महिन्याच्या शेवटी, थडग्यांवर फुलं घालून झाली की त्याच संध्याकाळी, त्याच व्यायामशाळेत. तिच्या एका बाजूला आता बियाण्याची पोती असतात. भाजलेलं डुकराचं मांस, डंपलिंग, आंबट कोबी, खसखस भरलेले गोड पाव, कोलाच. जेवण झालं की सगळ्यात जुन्या वर्षापासून एकेक वर्ष पुकारतात. ज्यांनी त्या वर्षी शाळा पूर्ण केली ते उठून उभे राहतात, बाकीचे टाळ्या वाजवतात. इथं कुणी शिकलं म्हणजे काय, ते त्या उभं राहण्यावरून ठरतं.

गेल्या मे महिन्यात आमचं वर्ष पहिलंच निघालं. आमच्या आधीचे सगळे गेले. मी उठले. लुमिर चाकांच्या खुर्चीत होता. त्याने दोन्ही हात टेकवून अंग थोडं वर उचललं, तेवढंच. टाळ्या पडल्या. त्याची स्मृती आता मधूनमधून जाते. एकेक वर्ष पुढे सरकलं. माझे विद्यार्थी उठत गेले, केस पिकलेले, मग टक्कल पडलेले, मग मुलं कडेवर घेतलेले. शेवटचं वर्ष पुकारलं, चौघं उठली, टाळ्या झाल्या आणि पुकारणाऱ्याने कागद खाली ठेवला.

"पुढचं," लुमिर मोठ्याने म्हणाला.

"संपलं, लुमिर," मी त्याची बाही ओढली.

"काय संपलं? माझी नात राहिलीय. ब्रेना! ऊठ की, पोरी. तुझं वर्ष आलं."

ब्रेना उभीच होती. इर्मा गेल्यापासून या जेवणाचं वाढप तीच बघते. एरवी पेट्रोल पंपावर असते. तिच्या हातात उष्ट्या ताटांची चळत होती. कोलीन गेल्याला दोन वर्षं झाली. कठडा अजून त्या बाथरूममध्ये आहे, मी जाते तेव्हा धरते.

सगळी व्यायामशाळा तिच्याकडे बघत होती. टाळी वाजवावी की नाही, कुणाला कळेना.

"उभीच आहे मी, डेडा," ती म्हणाली.

लुमिरचं समाधान झालं. त्याने एकट्यानेच टाळ्या वाजवल्या, बराच वेळ. ब्रेना त्याचं ताट उचलायला आमच्या टेबलापाशी आली. मी सरकून तिला जागा दिली. तिने आमची दोघांची ताटं चळतीवर ठेवली आणि विचारलं, "बाई, कॉफी आणू?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.